दोन ते पाच, थेट

शिंप्याच्या दुकानात तो माणूस शिरला तेव्हा मी ड्रेसच्या बाह्यांचं माप देत उभी होते, आणि त्याला पाहताक्षणी मला संशय आला. आता खरं सांगायचं तर मला संशय यायला फार काही लागत नाही. आमच्या घरी नवा दूधवाला आला तरी आत्या आठवडाभर त्याच्या मापाकडे डोळ्यांत तेल घालून बघते. तिनेच मला वाढवलं. त्यामुळे वाणही तिचा आणि गुणही तिचाच.

पण या माणसाचं वागणंच तसं होतं. कापड बघेना, शिलाई विचारेना. दाराशी उभा राहून फळीवरच्या रेडिओकडे टक लावून बघत होता.

"रोज हेच स्टेशन असतं का?" त्याने विचारलं.

शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने नुसती मान हलवली.

"आणि दुपारी कोण असतं?"

टाचण्या हातावर काढून घेत शिंपी म्हणाला, "दुपारी एक बाई असतात. बोलत असतात. मध्ये मध्ये गाणंही लावतात."

ती मध्ये मध्ये गाणं लावणारी बाई म्हणजे मीच. रोज दुपारी दोन ते पाच, थेट. पण रेडिओवरच्या माणसाला चेहरा नसतो, आणि बाजारात मी मुद्दाम घसा बसल्यासारखं बोलते. कुणी ओळखलं की भाजीसुद्धा निवांत घेता येत नाही.

"बाई इतकं बोलतात, मग बंद का नाही करत?"

"मशीन चालू असली की ऐकूच येत नाही," शिंपी म्हणाला. "थांबली की दुकानात कुणीतरी आहे असं वाटतं. असू दे की."

त्या माणसाने हसून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ऐकता का हो त्यांना?"

"वेळ कुठे असतो," मी खरखरत म्हणाले.

"सर्दी झालीय वाटतं."

"हो."

"जपा. आवाज बरा दिसतोय... सर्दीच्या खालचा," एवढं बोलून तो निघून गेला. काहीही न घेता. मी शिंप्याला म्हटलं, गल्ला तपासून बघा.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या स्टेशनच्या प्रमुख. त्यांच्या शेजारी तोच माणूस, हातात स्वतःचे हेडफोन घेऊन.

"यांना मालकांनी पाठवलंय," मॅडम म्हणाल्या. "थोडे दिवस इथे बसून ऐकणार आहेत."

"नुसतं ऐकणार?" काकांनी विचारलं. काका म्हणजे काचेपलीकडच्या कंट्रोल रूममध्ये बसून गाणी आणि फोन सांभाळणारे. आम्ही सगळेच त्यांना काका म्हणतो, मॅडमसुद्धा.

"नुसतं ऐकणार," तो म्हणाला.

आमच्या धंद्यात नुसतं ऐकायला कुणी माणूस पाठवत नाही. सगळ्यांची तोंडं उतरली. मी कसाबसा नमस्कार केला, आणि तो माझ्याकडे बघून अगदी सभ्यपणे म्हणाला, "सर्दी बरी झाली वाटतं. एका रात्रीत."

संध्याकाळपर्यंत त्याचं नाव पडलं, कानसाहेब.

त्यांची बसायची जागा काकांच्या शेजारी. माझ्या अगदी समोर, काचेपलीकडे. डोळे मिटून ऐकायचे. मी चुकले की एक भुवई वर जायची, चांगलं जमलं की दोन्ही. हे मी पहिल्याच दुपारी टिपलं, आणि दुसऱ्या दुपारपासून दोन्ही भुवयांसाठी बोलायला लागले. याचा मला फार राग आला. त्यांचा आला असं मी तेव्हा समजत होते.

काचेपलीकडे एक बटण असतं. ते दाबून बोललं की आवाज फक्त माझ्या हेडफोनमध्ये येतो. श्रोत्यांना पत्ता नसतो. काका त्याचा उपयोग 'पुढचा फोन तयार आहे' एवढं सांगायला करतात. कानसाहेबांनी त्याचा भलताच उपयोग सुरू केला.

"तुम्ही 'बरं का' फार म्हणता," एक दिवस माझ्या कानात आवाज आला. मी तेव्हा हजारो लोकांशी बोलत होते.

"मंडळी, काही लोकांना दुसऱ्याचे शब्द मोजायची सवय असते, बरं का," मी माइकमध्ये म्हणाले. "अशांची काळजी वाटते. घरी बोलायला कुणी नसावं बिचाऱ्यांच्या."

"नाहीच आहे," कानात आवाज आला.

माझं पुढचं वाक्य अडखळलं. काकांनी घाईघाईने गाणं सोडलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी हेडफोन उगाच नीट करत बसले.

घरी हे सांगावं की नाही, असा विचार करत होते, पण आत्यापासून काही लपत नाही. ती माझा कार्यक्रम रोज ऐकते. ऐकते एवढंच नाही, तर रोज फोनही करते. आवाज बदलून, 'एक श्रोती' म्हणून. एखादं जुनं गाणं मागते आणि जाता जाता 'निवेदिकाबाई फार छान बोलतात' असं सांगून फोन ठेवते. मी तिला ओळखत नाही असं दाखवते, ती मला ओळखत नाही असं दाखवते, आणि घरी या विषयावर आम्ही दोघीही बोलत नाही. हा आमच्या घरातला शिष्टाचार आहे.

"आज मध्येच अडखळलीस," जेवताना आत्या म्हणाली.

"ठसका लागला."

"ठसक्याने गालावर लाली येते का गं? आवाजावरून कळते मला." तिने पोळी माझ्या ताटात टाकली. "कोण आहे?"

मी सांगितलं. मालकांचा माणूस, गोड बोलतो, माझ्यावर नोकरी जायची वेळ आणणार.

"गोड बोलणाऱ्या माणसाच्या हातात आधी बघावं, काय आणलंय ते," आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने, सहज विचारल्यासारखं, "लग्न झालंय का त्याचं?"

त्याच आठवड्यात पलीकडच्या स्टेशनने सकाळपासून एकच गाणं लावून ठेवलं. तेच, पुन्हा तेच, दिवसभर तेच. ऐकणाऱ्यांना वाटलं, यंत्र अडकलं असेल. आम्हाला मात्र सगळं समजलं. स्टेशन आपलं रूप बदलणार असलं की असं एकच गाणं लावून लोकांचे कान वळवतात, ही आमच्याकडची जुनी रीत. दुसऱ्या दिवसापासून तिथे बोलणारं माणूस उरलं नाही. नुसती गाणी, एकापाठोपाठ एक, संगणकाने निवडलेली.

"आता आपली पाळी," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चहा तसाच राहिला.

मॅडमनी मला बोलावून घेतलं. कानसाहेब तिथेच होते, खिडकीबाहेर बघत.

"गुरुवारचा कार्यक्रम आपण सकाळी रेकॉर्ड करू," मॅडम म्हणाल्या. "तुमचंच बोलणं, तुमचाच आवाज, फक्त आधी. संगणक दुपारी जागच्या जागी वाजवेल. श्रोत्यांचे फोन जुनेच वापरू. बघू या कुणाच्या लक्षात येतं का. तोपर्यंत बाहेर कुठेही बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही."

"आणि लक्षात नाही आलं तर?"

मॅडमनी टेबलावरचा पेन सरळ केला. "तर तुम्ही आठवड्यातून एक सकाळ यायचं. बाकीचे दिवस यायची गरज नाही."

गुरुवारी सकाळी मी रेकॉर्डिंगला बसले. काचेपलीकडून कानसाहेब सूचना देत होते. 'आज' म्हणू नका. किती वाजले सांगू नका. ऊन-पावसाचं काही बोलू नका. मी तीन तासांचं बोलणं चहा गार व्हायच्या आत संपवलं. इतकं सोपं होतं ते, आणि इतकं वाईट वाटत होतं. प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढे हसायचं.

"ही कल्पना कुणाची?" मी शेवटी माइकमधूनच विचारलं.

काचेपलीकडे बटण दाबलं गेलं. मग कानात आवाज आला. "माझी."

बघा. संशय खरा निघाला की माणसाला आनंद व्हायला हवा. मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी पाठ करून कागद आवरत बसले.

ते दारात आले. "आज दुपारी मोकळ्या आहात. चला, चहा घेऊ."

"तुमच्याबरोबर?"

"रागवायचं असेल तर समोर माणूस हवा ना."

मी गेले. शत्रू नजरेसमोर असलेला बरा, असं मनाला सांगून गेले. इतक्या वर्षांत कामाच्या दिवशी दुपारी दोननंतरचा रस्ता मी पाहिलाच नव्हता. अर्धी दुकानं पेंगत होती. औषधांच्या दुकानात, चपलांच्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलाशी... जिथे जावं तिथे मीच बोलत होते. एका दारातून माझं वाक्य सुरू व्हायचं आणि पुढच्या दारात संपायचं.

"स्टेशनवर यायच्या आधी काही दिवस मी हेच करत होतो," ते म्हणाले. "दुकानादुकानांतून तुमच्या मागे."

"ह्याला पाळत ठेवणं म्हणतात."

"म्हणोत."

चहाच्या टपरीशी पोचलो आणि पाऊस आला. चांगला जोराचा, तिरपा. छपराखाली दोन माणसांपुरतीच जागा होती, आणि ती दोन माणसं जवळची असतील असं धरून केलेली. माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागला. मी सरकले नाही... सरकायला जागाच नव्हती, असं समजा.

"एक विचारू?" मी म्हटलं. "पुढे रेडिओ राहील?"

"राहील. कसा, ते माहीत नाही. गाणी आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. गाण्यांसाठी रेडिओ कुणाला लागत नाही."

"मग सगळे नुसती गाणीच लावायला का निघालेत?"

"स्वस्त पडतं म्हणून," ते म्हणाले, आणि चहाच्या पेल्यात बघत राहिले. "मला विचाराल तर मूर्खपणा आहे."

"आणि त्या मूर्खपणाचा पगार तुम्ही घेता."

"घेतो," ते म्हणाले. त्यांच्या केसांवरून एक थेंब कपाळावर आला. तो पुसायला माझा हात उठला होता, पण नशिबाने त्या हातात पेला होता.

तेवढ्यात टपरीवरच्या रेडिओतून मी म्हणाले, "खिडकीतून काय सुरेख ऊन आलंय, मंडळी! तुमच्याकडेही असंच असेल ना?"

चहावाल्याने पावसाकडे पाहिलं, मग रेडिओकडे. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ऊन-पाऊस बोलायचं नाही हे मला बजावलं होतं, तरी सवयीने निसटलं होतं, आणि ऐकण्यात हुशार म्हणवणाऱ्या कानसाहेबांच्याही कानांतून ते निसटलं होतं.

"हे कसं सुटलं तुमच्याकडून?" मी विचारलं.

"मी शब्द ऐकत नव्हतो," ते म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. खरंच झाले. मी इतक्या जवळून बघत होते.

मी काहीतरी तिखट बोलणार होते, पण त्यांचा फोन वाजला. काका होते. इतक्या मोठ्याने बोलत होते की मलाही ऐकू आलं. "लवकर या. हिची आत्या आलीय इथे, आणि मला काही आवरत नाहीये."

आम्ही भिजत पळत स्टेशनवर पोचलो. स्टुडिओबाहेर आत्या उभी होती. नेसूचं ओलं, एका पायात घरातली चप्पल आणि दुसऱ्या पायात बाहेरची. काचेतून ती आत बघत होती. आत माझी खुर्ची रिकामी होती, आणि वरच्या स्पीकरमधून मी खदखदून हसत होते. टेबलावर फोनचे सगळे दिवे लुकलुकत होते. उचलणारं कुणी नव्हतं.

"आत्या," मी म्हटलं.

ती वळली. आधी माझा चेहरा चाचपला, मग दंड, मग एक चापट दिली. जोरात नव्हती, पण लहानपणानंतरची पहिलीच.

"रोज फोन उचलतेस," ती म्हणाली. आमचा शिष्टाचार मोडलाय हे तिच्या ध्यानातही नव्हतं. "आज वाजतोय, वाजतोय, कुणी घेईना. बाहेर पाऊस कोसळतोय आणि तू म्हणतेस ऊन पडलंय. मला वाटलं पोरीच्या डोक्याला काही झालं. टॅक्सी करून आले तर... खुर्चीत कुणीच नाही, आणि आवाज चालू. मेलेल्या माणसासारखा."

मी तिला धरून खाली बसवलं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. जी बाई माझा श्वासही ओळखते, तिला मी रिकाम्या खुर्चीशी बोलायला लावलं होतं. आणि ते सगळे लुकलुकणारे दिवे? तीही कुणाची तरी आत्या असणार.

कानसाहेबांनी पाणी आणलं. आत्याने पेला घेतला आणि त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हाच का तो?"

"हाच," मी म्हटलं. "ह्यांचीच कल्पना."

"मालकांनी मी यायच्या आधीच ठरवलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "बोलणारं कुणीच नको, दिवसरात्र गाणी. मी म्हटलं, एक आवाज तरी ठेवा. ते म्हणाले, रेकॉर्ड करून भागत असेल तर ठेवू. मला वाटलं, निदान तुमचा आवाज राहील."

"मला सांगितलं का नाही?"

"विश्वास ठेवला असता?"

"नाही."

"म्हणून नाही सांगितलं."

"तुम्ही माझा आवाज ठेवून घेतलात आणि मला बाहेर काढलंत," मी म्हणाले. "मी हे परत करणार नाही. थेट असेल तर मी आहे. नाहीतर खुशाल गाणी लावा. घरी बसेन, पण रिकाम्या खुर्चीतून बोलणार नाही."

बोलून तर गेले. मला दुसरं काही काम येत नाही. बोलणं सोडून मी आयुष्यात काहीच धड केलेलं नाही, स्वयंपाकसुद्धा आत्याच करते.

ते वळले. मॅडमच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आता दार लावून दोन माणसं बोलायला लागली तर माझ्यासारखीने काय करावं? मी दाराला कान लावला. आत्यानेही लावला, माझ्या खाली.

मालकांना फोन लावला होता बहुतेक. "चूक माझी होती," त्यांचा आवाज आला. "नाही, आवाज उत्तम होता. पण लोक तिचं बोलणं ऐकत नाहीत. ती त्यांचं ऐकते म्हणून रेडिओ लावतात. बोलणं रेकॉर्ड करता येतं, साहेब. ऐकणं नाही येत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. मग, "हो. माझं काम गेलं तरी हेच सांगेन."

"खरं बोलतोय," आत्या खालून कुजबुजली. "किंवा त्याला माहितीये आपण दाराशी आहोत."

तिची भाची असल्याचा मला त्या क्षणी वैताग आला.

मॅडमनी स्वतः उभं राहून ते दिवे पाहिले होते, त्यांनीही दोन शब्द घातले. मालकांनी तीन तासांतला एक तास दिला. चार ते पाच, थेट. तोही वर्षभरापुरता, पुढचं पुढे. बाकी सगळी गाणी. सकाळच्या निवेदिकेने शाळेत नोकरी धरली. तिच्या निरोपाला आम्ही सगळे नको तितके हसलो. जिंकलो असं कुणालाच वाटलं नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसं काहीसं होतं. पण काडी हातात होती.

कानसाहेबांचं काम मात्र खरंच गेलं.

चार ते पाचच्या पहिल्या दिवशी ते आले ते बॅग घेऊनच. काकांशेजारी आज बसले नाहीत. दाराशी उभे राहिले, हेडफोन न घालता. श्रोत्यांचे फोन इतके येत होते की मला त्यांच्याकडे बघायलाही सवड नव्हती. म्हणजे मी बघत होतेच, पण सवड नव्हती. एकाने विचारलं, बाई, मध्ये कुठे गेला होतात? मी म्हटलं, पावसात उभी होते.

गाणं सुरू झालं. मी हेडफोन काढले आणि बाहेर आले.

"निघालो," ते म्हणाले. "पाचची गाडी आहे. दुसऱ्या एका गावी स्टेशन आहे लहानसं, तिथे बोलावलंय. अजून हो म्हटलेलं नाही."

"का नाही म्हटलं?"

"विचारायचं होतं... तुम्हाला."

मी हजारो लोकांशी तासन् तास न थांबता बोलणारी बाई. तोंड उघडलं तर एक शब्द निघेना. माझ्यासमोर माइक नव्हता, काच नव्हती, मध्ये काहीच नव्हतं. त्यांनी बॅग खाली ठेवली.

"बोला ना," ते म्हणाले. "मी ऐकतोय."

"माहितीये. तोच तर त्रास आहे." मी श्वास घेतला. "शिंप्याकडे तुम्ही मला ओळखलं होतं. हो ना?"

"पहिल्या शब्दाला."

"आणि तरी ते सर्दीचं नाटक चालू दिलंत. अशा माणसावर कुणी का विश्वास ठेवावा?"

"ठेवू नये," ते म्हणाले. आता हसत नव्हते. "पण मला तुम्ही फार आवडता. एवढं एक खरं आहे, ते तपासून घ्या हवं तर."

काचेवर काकांनी टकटक केली. गाणं संपत आलं होतं.

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हणाले. इतकं सरळ निघालं ते की माझं मलाच नवल वाटलं. "जाऊ नका. पण माझा विश्वास अजून पुरता बसलेला नाही. तो बसेपर्यंत इथेच राहावं लागेल."

"किती वेळ लागेल?"

काका आता दोन्ही हातांनी काच बडवत होते. मी दार ढकलून अर्धी आत गेले होते.

"आमच्या घराण्यात?" मी म्हटलं. "जन्म जाईल."

त्यांनी बॅग उचलली, आणि काकांच्या शेजारी, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीखाली नेऊन ठेवली. मी माइक उघडला आणि पुढचा फोन घेतला.